आधी घराला पाणी

"आधी घराला पाणी," असं म्हणत ते न्हाणीघरात शिरायचे.

बंद फ्लॅटचं दार उघडताना आत कुणी राहत असल्यासारखा हळूच सलाम करायचा, बूट दाराबाहेर काढायचे, टाय खांद्यावर टाकायचा आणि बगलेतली पाण्याची मोठी बाटली घेऊन फरशीतल्या एकेका जाळीपाशी वाकायचं, हा त्यांचा रिवाज. गिऱ्हाईक तोवर दिवाणखान्यात ताटकळत उभं. पाणी गुडगुडत खाली जायचं, ते कान देऊन ऐकायचे आणि हात पुसत बाहेर येऊन म्हणायचे, "हां. आता बघा घर."

कतारमध्ये, दोहात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना यातलं मर्म सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. मोरीच्या प्रत्येक जाळीखाली नळीला बाक असतो. त्या बाकात पाणी साठून राहतं आणि तेच गटाराचा वास वर येऊ देत नाही. घर बंद राहिलं की दोहाच्या उन्हाळ्यात ते पाणी आटतं आणि लाखो रियालांच्या घरात पाऊल टाकताच नाकाला पदर लावायची पाळी येते. बाकीचे एजंट सुगंधी फवारे मारायचे. हे पाणी घालायचे. "घर तहानलं म्हणून वास मारतंय साहेब. त्याला अत्तर लावून काय उपयोग?"

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही आणि विचारायला मला तोंड नाही. रत्नागिरीकडच्या खेडचे, म्हणून सगळं दोहा त्यांना 'खेडवाले' म्हणायचं. मीही तेच म्हणतो.

तुम्हीही त्यांना कुठेतरी पाहिलं असेल. भर उन्हात कोट घातलेला, केसांना मेंदीचा कलप, टायला सोनेरी पिन आणि पांढरी जुनी गाडी, जिच्या चाकांच्या झाकण्या ते स्वतः रुमालानं पुसायचे. आले होते ड्रायव्हर म्हणून. एका जागा विकणाऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकांना गाडीतून फिरवता फिरवता त्यांनाच घरं दाखवता यायला लागली आणि कंपनीनं त्यांना एजंट केलं. दिवसभर 'द पर्ल' या श्रीमंतांच्या बेटावरल्या मरीनाकाठच्या घरांची तारीफ करायची आणि संध्याकाळी नजमा या कामगारवस्तीत, चौघांच्या खोलीतल्या एका खाटेवर जाऊन पडायचं. याचं त्यांना वैषम्य नव्हतं. "मी रोज दहा घरांत जाऊन येतो. तुम्ही एकाच घरात राहता," असं मलाच म्हणायचे.

आमचं घर त्यांनीच दाखवलं. मी एका गॅस प्रकल्पात इंजिनिअर होतो, हाती पैसा होता आणि परदेशात आपल्या नावाची जागा असावी ही हौस होती. माझी बायको मंगल बाल्कनीत उभी राहून म्हणाली, "अहो, कागदावर समुद्र दिसतो म्हणून लिहिलंय. कुठाय?"

"हाय ना वहिनी. मान जरा डावीकडं करा. अजून जरा. आता त्या दोन इमारतींच्या मधी बघा. निळी रेघ दिसली का?"

"रेघ दिसली."

"तोच."

मंगल खळखळून हसली आणि घर तिथेच ठरलं. पुढे पाहुणे आले की ती त्यांना बाल्कनीत नेऊन खेडवाल्यांच्या आवाजात म्हणायची, "मान जरा डावीकडं करा." असल्या बारीकसारीक थापा ते मारायचे. शेजारी शांत आहे म्हणायचे आणि वर ढोलकीवाला निघायचा. पण घराच्या नळात, भिंतीत, कागदात काही खोट असली तर गिऱ्हाइकाला आधी सांगायचे आणि मालकाच्या शिव्या खायचे.

व्यवहार झाला तरी त्यांचं येणं थांबलं नाही. गावाहून आले की कोकमं आणि आंबोशी घेऊन यायचे. मंगलला त्यांनी वहिनी केलं होतं, तिनं त्यांना भाऊ. पहिल्यांदा आम्ही दोन महिन्यांच्या रजेवर निघालो तेव्हा निरोप द्यायला म्हणून आले ते थेट मोरीत गेले आणि तिथून ओरडून म्हणाले, "वहिनी, खोबरेल आणा जरा."

मंगलनं बाटली नेऊन दिली. त्यांनी प्रत्येक जाळीत पाणी घातलं, वरून चमचाभर तेल सोडलं.

"नुसतं पाणी महिन्याभरात उडून जाईल. वर तेल असलं की आटत नाय. पांघरूण घालायचं पाण्याला." आणि मग वॉशिंग मशीनकडे बोट दाखवून मला म्हणाले, "साहेब, या मशीनच्या मागं कोपऱ्यात एक जाळी हाय. ती सगळेच विसरतात. मग म्हणतात, पाणी घातलं तरी वास कसा."

रजेहून परतलो तेव्हा घर जसं सोडलं तसं होतं. मी ते शिकलो. पुढे त्या शिकण्याचं मी काय केलं, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

शेजारच्या देशांनी कतारशी संबंध तोडून वाटा बंद केल्या, त्या सुमाराची गोष्ट. जागांचे भाव कोसळले. माझ्या कंपनीनं साठी उलटलेल्या आम्हा सगळ्यांची कंत्राटं आवरती घेतली. मंगल आधीच नाशिकला गेली होती, तिच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. मला फक्त घर विकून तिच्याकडे पोचायचं होतं. पण बँकेचं कर्ज जितकं बाकी होतं, तितकी घराची किंमतच राहिली नव्हती. बँकेनं सांगितलं, मिळेल त्या भावाला विका, वरची तूट थोडी तुम्ही भरा, थोडी आम्ही सोसतो. तोवर देश सोडायचा नाही. माझ्या नावावर तशी प्रवासबंदी लागली होती. विमानतळावर गेलो असतो तर खिडकीवरूनच परत पाठवलं असतं.

माझ्यासारखे अनेक होते. या घरांना एजंट 'बँकेची घरं' म्हणायचे. ती विकणं सगळ्यांच्याच जिवावर यायचं, कारण एकेका घरापायी महिनोन्‌महिने बँकेत खेटे, भाव ठरला तरी बँकेची वरची समिती तो फिरवणार, गिऱ्हाईक कंटाळून पळणार. तरी ते करत होते. आणि अशात त्या बँकेनं फर्मान काढलं की या घरांवर एजंटांची दलाली निम्मी. कारण काय, तर बँक तोटा सोसते आहे, तुम्हीही सोसा.

"तोटा बँकेचा, मालकाचा. आमचा कसा?" खेडवाले माझ्याकडे येऊन म्हणाले. ते क्वचित चिडत, तेव्हा चिडले होते. "दुप्पट काम आणि अर्धी मजुरी. उद्या सगळ्याच घरांना हाच दर लावतील."

नजम्यातल्या एका कॅफेटेरियात एजंटांची बैठक झाली. केरळचे, लेबनॉनचे, इजिप्तचे, फिलिपिन्सच्या दोघी, आपले खेडवाले. ठरलं असं, की दलाली पूर्ववत होईपर्यंत त्या बँकेचं एकही घर कुणी दाखवायचं नाही. पण बोलणं एक आणि करणं एक. चांगलं गिऱ्हाईक हाती आलं की कोण कधी गुपचूप घर उघडील याचा भरवसा कुणाचा कुणाला नव्हता. मग जोसेफ नावाच्या केरळच्या एजंटानं तोड काढली. बँकेच्या घरांच्या सगळ्या चाव्या एकाच माणसाकडे ठेवायच्या. ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे अशाकडे.

असा माणूस एकच निघाला.

चाव्या ठेवायला त्यांनी स्टीलचा जेवणाचा डबा घेतला. एकावर एक बसणारे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एका टॉवरच्या चाव्या. तो डबा ते गाडीत, बँकेत, मशिदीत, सगळीकडे बरोबर न्यायचे. कॅफेटेरियातला पोऱ्या विचारायचा, चाचा, रोज डबा आणता आणि जेवता आमच्याकडे? तर म्हणायचे, "यातलं जेवण अजून शिजतंय."

माझ्या घराची चावी मी त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी डबा उघडला आणि क्षणभर थांबले.

"साहेब, तुमचं अडलंय, मला ठाव हाय. पण तुमचंच घर बाहेर ठेवलं तर उद्या डब्यात काय राहील? थोडी कळ काढा. बँक वाकेल, इन्शाल्ला. दुसरी चावी हाय का कुठं?"

"नाही. एवढी एकच," मी म्हणालो.

तेव्हा ते खरंच वाटत होतं मला. दुसरी चावी मंगलच्या शिवणाच्या डब्यात, बॉबिनांच्या खाली होती, ती मागाहून सापडली. सापडल्यावर मी ती नेऊन द्यायला हवी होती. दिली नाही.

घर रिकामं करून मीही तोवर नजम्यातच एका ओळखीच्याकडे राहायला गेलो होतो. रोज फोनवर मंगल विचारायची, "झालं का काही?" डॉक्टरांनी दिलेली तारीख तिनं माझ्यासाठी एकदा पुढे ढकलली, मग दुसऱ्यांदा. केतकी, आमची मुलगी, तेव्हा पुण्याला शिकत होती. ती एकदाच म्हणाली, "बाबा, आई तुम्हाला सांगणार नाही, पण तिला जिना चढवत नाही आता."

त्याच आठवड्यात बँकेतल्या एका अधिकाऱ्यानं मला चहा पाजला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, "सर, डायरेक्ट पार्टी आणा ना. मध्ये एजंट नसेल तर आमची तूट कमी, तुमची फाइल वर." बँकेला तेच हवं होतं. मला ते दिसत होतं. तरी घर विकायचं काम मी लेखी खेडवाल्यांच्या कंपनीला दिलं होतं हे मी त्याला आठवून दिलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

गिऱ्हाईक माझ्याच ओळखीतून मिळालं, एक इजिप्शियन डॉक्टर आणि त्याची बायको. शुक्रवारी सकाळी, सगळे एजंट नमाजाच्या तयारीत असतात तेव्हा, मी त्यांना बोलावलं. स्वतः आधी पोचलो. दार उघडलं आणि वासानं मागे सरलो. महिनाभर घर बंद होतं. मग खाली जाऊन पाण्याच्या बाटल्या आणल्या आणि एकेका जाळीपाशी वाकून पाणी घातलं. गुडगुड ऐकली. वॉशिंग मशीन विकलं होतं, पण मागची कोपऱ्यातली जाळी मी विसरलो नाही. खिडक्या उघडल्या, थोड्या वेळात वास गेला. डॉक्टरच्या बायकोनं बाल्कनीत समुद्र कुठे म्हणून विचारलं. मी तिला मान डावीकडं करायला सांगितली.

त्यांनी घर घ्यायचं ठरवलं. बँकेनं भाव मान्य केला. कागद व्हायला थोडे दिवस राहिले.

पुढचं मला जोसेफनं फार वर्षांनी सांगितलं. बँकेचा किंमत ठरवणारा माणूस एजंटांच्या बाकीच्या घरांचीही पाहणी करायला आला. पाहणीला हरकत नव्हती, म्हणून खेडवाल्यांनी डबा जोसेफच्या हाती दिला. जोसेफ आणि आणखी दोघं त्या माणसाला घेऊन घरोघर फिरले. दार उघडलं की चौघंही नाकावर रुमाल धरत होते. आठवडेच्या आठवडे कुणी आत गेलं नव्हतं, त्यामुळे सगळीच घरं तहानलेली. मग माझं घर उघडलं, यादीत तेही अजून होतं. रुमाल धरायची गरजच पडली नाही.

जोसेफ हसला म्हणे. म्हणाला, "ये घर को किसने पानी पिलाया?"

मग कुणीच हसलं नाही. जोसेफनं वाकून जाळी पाहिली. खाली पाणी होतं. मशीनच्या जागेमागची कोपऱ्यातली जाळी पाहिली. तिथेही पाणी. अख्ख्या दोहात हे करणारा माणूस एक होता, आणि घराची चावी त्याच्याच डब्यात होती.

त्या दिवशी संध्याकाळी खेडवाले माझ्या खोलीवर आले. डबा बगलेत होता. बसायला सांगितलं तर खाटेच्या कडेवर बसले. इकडचं तिकडचं बोलले. मग विचारलं, "वहिनींचं ऑपरेशन कधी?"

मी तारीख सांगितली.

"पोचाल तोवर?"

"कागद झाले तर पोचेन."

ते बराच वेळ डब्याच्या कडीशी बोटानं खेळत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीनच्या मागच्या जाळीत घातलंत ना? ती सगळेच विसरतात."

"घातलं," मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की त्यांनी काय विचारलं आणि मी काय कबूल केलं. त्यांनी मान हलवली. धंद्यातली एक शंका फिटावी तशी.

"मग खलास," म्हणाले आणि उठले. दाराशी बूट घालताना म्हणाले, "वहिनींना माझा सलाम सांगा. कागद झाल्याशिवाय कुणाशी काय बोलू नका. लिहून दिलेलं घर तुम्ही परस्पर विकलंत असं कळलं तर हे लोक बँकेत जाऊन अडवतील. अडवायलाच पायजे त्यांनी. मीही अडवलं असतं."

जिन्यावरून डबा वाजत खाली गेला.

दुसऱ्या दिवशी जोसेफचा फोन आला. मागे गलका ऐकू येत होता, सगळे कॅफेटेरियात जमले असावेत.

"साब, एक ही बात पूछता मैं. आपका फ्लॅट किसने दिखाया? चाचा बोलता ही नहीं. पूछा तो बोलता है, जो समझना है समझो. आप बोलो ना. आपने खोला क्या?"

मला अजून तो फोन हातात धरल्यासारखा आठवतो. मी म्हणालो, "मुझे कुछ नहीं मालूम. चाबी तो उन्हीं के पास थी."

चावी त्यांच्याकडेच होती. यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून ते इतकं सहज बोलता आलं.

पलीकडे जोसेफनं माझं वाक्य कुणालातरी सांगितलं, आणि मग स्टीलच्या कप्प्यांचा आवाज आला. प्रत्येक जण आपापली चावी काढून घेत होता.

आठवड्याभरात एजंटांची एकी मोडली. ज्याच्यावर विश्वास ठेवला तोच फुटला म्हटल्यावर बाकीच्यांनी कुणासाठी थांबायचं? एकेक जण बँकेत जाऊन निम्म्या दलालीवर सही करून आला. तो दर मग तसाच राहिला, आणि खेडवाले म्हणाले होते तसं, दुसऱ्या बँकांनीही तो उचलला. या धंद्यात एकाचं घर आणि दुसऱ्याचं गिऱ्हाईक असं मिळून काम चालतं. खेडवाल्यांबरोबर मिळून काम करायला कुणी उरलं नाही. त्यांनी गुपचूप पैसे घेऊन आपल्या मुलखातल्या माणसाचं घर विकलं, अशी गोष्ट तयार झाली आणि लोकांना ती पटली.

माझे कागद झाले. मी मंगलच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोचलो.

इथवर मी स्वतःला समजावू शकलो आहे. बायकोचा जीव होता, मी घाबरलो होतो, असं म्हणता येतं. ऐकणारे मान हलवतात. पण कागद झाल्यावर, मंगल घरी परतल्यावर, माझं काहीही बिघडणार नव्हतं. एक फोन करायचा होता जोसेफला. तो मी केला नाही. आज करू, ती हिंडूफिरू लागली की करू, केतकीचं लग्न झालं की करू. लोकांच्या नजरेत मी सरळ माणूस होतो आणि मला तसंच राहायचं होतं, एवढंच त्याचं कारण आहे. दुसरं शोधूनही सापडत नाही.

दोहाहून आलेल्या कुणीतरी मंगलला सांगितलं, की तुमच्या खेडवाल्यांनी साथीदारांना दगा दिला म्हणे. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "ते असं करायचे नाहीत."

"लोक म्हणतात," मी म्हणालो.

"म्हणू देत. तुम्ही ओळखता ना त्यांना? तुम्ही तरी सांगायचं."

दर उन्हाळ्यात ती विचारायची, भाऊंचा फोन कसा येत नाही, आंबोशी पाठवायचे. मी म्हणायचो, नंबर बदलला असेल. गेल्या वर्षी ती गेली. शेवटपर्यंत तिला मी सांगितलं नाही. ऑपरेशननंतरची जी कित्येक वर्षं आम्हाला मिळाली, ती कुणाच्या गप्प बसण्यावर मिळाली हे कळण्याचा तिचा हक्क होता.

मंगल गेल्यावर केतकीनं मला इकडे दोहाला आणलं. जावई इथे नोकरीला आहेत. नातू मराठी समजतो आणि उत्तर इंग्रजीत देतो. आल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी बस पकडून नजम्यात गेलो. कॅफेटेरिया तिथेच आहे. जोसेफ आता पांढरा झालाय, दुपारी तिथेच बसतो. मला ओळखायला त्याला वेळ लागला.

मी त्याला सगळं सांगितलं. दुसरी चावी, शुक्रवारची सकाळ, बाटल्या. तो चहात पाव बुडवत होता, तो पाव चहात विरघळून गेला तरी त्यानं काढला नाही.

"पानी आपने डाला," तो म्हणाला.

"हो."

"मैंने वो कोने वाला जाली देखके बोला था सबको, ये चाचा का ही काम है. मैंने बोला था साब. मैंने." मग कप बाजूला सारून, "आप अभी आया? अभी?"

खेडवाले कुठे आहेत, मी विचारलं.

ते त्यानं सांगितलं. काम सुटल्यावर उत्तरेच्या टोकाला, अल रुवैस बंदरात गेले. मासळीच्या धक्क्यावर बर्फाच्या गाड्यांवर देखरेख करायचे. कोट सोडला, टाय मात्र घालायचे. जोसेफ एकदा त्यांना भेटायला गेला होता, दुरूनच पाहून परत आला. या वर्षी रमजानच्या आधी त्यांची तब्येत बिघडली, गावी गेले. खेडहून निरोप आला तो गेल्याचाच.

"उनका कमरा बंद है अभी तक," जोसेफ म्हणाला. "सामान लेने कोई आया नहीं." आणि मग खाली बघून म्हणाला, "मेरे को जाना चाहिए. आप चलेगा?"

आम्ही त्याच्या गाडीनं गेलो. निघताना दुकानातून मी पाण्याची मोठी बाटली घेतली होती. जोसेफनं ती पाहिली आणि गाडी सुरू केली. अख्खा उन्हाळा बंद असलेली खोली, तिथे काय वास असेल याची आम्हा दोघांनाही कल्पना होती.

धक्क्याच्या मागे एका ओळीत खोल्या. तिथल्या एका बंगाली कामगारानं चावी आणून कुलूप उघडलं आणि आधीच दोन पावलं मागे सरून नाकावर बाही धरली. दार उघडलं. आतून कोंडलेली गरम हवा आली, धुळीची. बस. बाकी काही नाही.

जोसेफ उंबऱ्यावर थांबला. आत कुणी राहत असल्यासारखा त्यानं हळूच सलाम केला आणि बूट काढले. मीही काढले.

खाट, नीट घडी घातलेलं पांघरूण, खिळ्याला टाय. खिडकीत स्टीलचा डबा, कप्पे धुऊन उपडे ठेवलेले. जोसेफ त्या डब्यापाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला.

मी मोरीत गेलो. गुडघे आता वाकत नाहीत, भिंतीला धरून खाली बसलो. जाळी उचलली. खाली पाणी होतं. दारातून येणाऱ्या उजेडात त्यावर खोबरेलाचा पातळ तवंग चमकत होता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, कुठेही न फाटलेला.

बाटली मी उघडली नाही. भरलेली तशीच परत आणली.